शेवटचे पाच किलोमीटर

परतीच्या पावसाची संध्याकाळ. छत्रपती संभाजीनगरातील गारखेडा परिसरात एका घरी आजी दूरचित्रवाणीवर चातुर्मासाचे प्रवचन ऐकत असतात. एवढ्यात चित्र थिजते, त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना उमटते. नातू डिश हलवण्यासाठी गच्चीकडे निघतो. त्याला तेथेच थांबवावे. कारण दोष बहुधा डिशमध्ये नसतोच.

जीसॅट-१५ सारखे प्रक्षेपणाचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या लहरी बहुतेक वाट निर्वेध पार करतात. अडथळा येतो तो शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत, पावसाच्या थरात. घरगुती डिशकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे मोठे थेंब चार-पाच मिलिमीटरांचे असतात. लहर जितकी आखूड, तितका थेंबांचा परिणाम अधिक. काही ऊर्जा पाणी शोषून घेते, काही इतस्ततः विखुरते.

येथे वर्षभरात किती पाऊस पडला याला महत्त्व नाही. तो किती जोराने पडतो, याला आहे. श्रावणातील रिमझिम लहरींना फारशी अडवत नाही. उष्ण कटिबंधातील गडगडाटी पावसाचे थेंब मात्र मोठे आणि दाट असतात. जीसॅट-१५ कडे रोखलेली येथील डिश आग्नेयेकडे तिरपी पाहते. म्हणून त्या दिशेला दोन-तीन किलोमीटरांवर सर कोसळत असली, तरी अंगण कोरडे असतानाच चित्र जाऊ शकते. शिवाय डिजिटल प्रक्षेपण हळूहळू धूसर होत नाही. संदेश ठरावीक मर्यादेखाली क्षीण झाला की चित्र एकदम नाहीसे होते.

मग अधिक लांब लहरी का वापरत नाहीत? त्याचे उत्तर जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे मिळते. तेथील उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. त्याला विक्रम साराभाई यांचे नाव आहे. तेथे उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या होत्या. पाऊस त्यांना फारसे अडवू शकत नसे; पण त्या ग्रहण करण्यासाठी सुमारे ३० मीटर व्यासाचा अँटेना उभारावा लागला होता. आज गच्चीवर साठ-सत्तर सेंटिमीटरांची डिश पुरते, ती लहरी आखूड आणि उपग्रह शक्तिशाली झाल्यामुळे. त्या सोयीचे मोल पावसात चुकवावे लागते.

म्हणून चित्र गेले की प्रथम आकाशाकडे पाहावे. विजा चमकत असताना ओल्या गच्चीवर जाणे जिवावर बेतू शकते. शिवाय नीट बसलेली डिश हलवली, तर पाऊस थांबल्यावरही चित्र परतत नाही. पावसाच्या सूचनांसाठी घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ असावा. त्याच्या कितीतरी लांब लहरींना पावसाचे थेंब अडवत नाहीत. प्रवचनाचे चित्र सर ओसरताच, बहुधा काही मिनिटांत, आपोआप परत येते. तेवढा वेळ गच्चीचे दार बंदच असू द्यावे.