रुग्णालयात चुकीचे औषध: निलंबनाने चूक थांबते का?

31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पल्स पोलिओ मोहिमेत 12 मुलांना पोलिओऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाण्यातील कळव्याच्या एका आरोग्य केंद्रात कोविडची लस घ्यायला आलेला माणूस चुकून रेबीजच्या लशीच्या रांगेत उभा राहिला. त्याचा केस पेपर न पाहताच त्याला रेबीजची लस टोचली गेली. दोन्ही बातम्यांचा शेवट सारखाच झाला: कर्मचाऱ्यांवर कारवाई, निलंबन.

बातमी तिथे संपते. पण उद्या तुमचे वडील किंवा सासूबाई वॉर्डात असतील तेव्हा तीच चूक पुन्हा होणार नाही, याची खात्री त्या निलंबनाने मिळते का? माझ्या मते फारशी नाही.

एक इंजेक्शन रुग्णापर्यंत कसे पोहोचते ते पाहा. डॉक्टर औषध लिहितात, कोणीतरी ते उतरवून घेते, औषध भांडारातून किंवा बाहेरच्या मेडिकलमधून ते येते, सिस्टर ते सिरिंजमध्ये भरतात आणि मग देतात. चूक यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते. डॉक्टरांचे अक्षर लागत नाही, म्हणून औषधांची नावे स्पष्ट आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे 2016 मध्येच डॉक्टरांना सांगण्यात आले. नावेही फसवी असतात. डाओनिल ही मधुमेहाची गोळी, तर डायोव्होल हे आम्लपित्ताचे औषध. डॉक्टरांची चूक फार्मासिस्ट पकडू शकतो, फार्मासिस्टची चूक सिस्टर पकडू शकतात. सिस्टरची चूक पकडायला त्यांच्यामागे कोणीच उभे नसते, म्हणून ठपका बहुतेक वेळा शेवटच्या हातावर येतो.

त्या हाताला कामही किती असते? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात शिकवण्याच्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत 5 रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्री वॉर्डात थांबलेल्या कोणाही नातेवाइकाने खाटा आणि सिस्टर मोजून पाहाव्यात.

आता कायदाही समजून घ्या, कारण त्याचा तुमच्याशी संबंध आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उपचार करताना हे नोंदणीकृत डॉक्टरकडून घडले तर कमाल मर्यादा 2 वर्षांची आहे. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरती आहे, परिचारिका त्यात येत नाहीत. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच औषधाबाबत डॉक्टरला 2 वर्षे आणि सिस्टरला 5 वर्षांची टांगती तलवार. मला हे उलटे वाटते. जिला तुरुंगाची भीती जास्त, ती छोटी चूक बोलून दाखवणार नाही. आणि चूक लगेच कळली तर अनेकदा उतारा देऊन, तपासणी करून रुग्ण वाचवता येतो.

अमेरिकेत हा वाद मोठा झाला. नॅशव्हिलच्या एका रुग्णालयात डिसेंबर 2017 मध्ये परिचारिकेने औषधाच्या कपाटातून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध काढले आणि वृद्ध रुग्ण दगावली. दोन्ही नावांची पहिली दोन अक्षरे एकच होती. परिचारिकेने चूक स्वतः सांगितली होती. 2022 मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले गेले. तेव्हापासून तिकडच्या अनेक परिचारिका उघडपणे विचारतात, की मग आम्ही चूक सांगायची तरी का? केस पेपर न पाहता टोचणाऱ्याला पाठीशी घाला, असे मी म्हणत नाही. पण सॅनिटायझरची बाटली आणि लशीची बाटली एकाच टेबलावर येऊच नये, ही व्यवस्था निलंबनाच्या आदेशाने होत नाही.

नातेवाईक काय करू शकतात?

बरेच काही, आणि त्यातली पहिली गोष्ट थोडी अवघड वाटेल. सिस्टर औषधाच्या ट्रॉलीपाशी असताना त्यांना हाक मारू नका. सिडनीच्या दोन रुग्णालयांत 98 परिचारिकांनी 4,000 हून अधिक वेळा औषध देताना केलेल्या निरीक्षणाचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांची शक्यता सुमारे 12 टक्क्यांनी वाढत होती. ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ हा प्रश्न पाच मिनिटे थांबू शकतो. सलाईन संपत आले, रुग्णाला दम लागला, अंगावर पुरळ उठले, तर मात्र अजिबात थांबू नका.

दुसरी गोष्ट नावाची. ‘तुम्ही लक्ष्मीबाई ना?’ असे विचारले की तापात असलेली किंवा कमी ऐकू येणारी आजी कशालाही ‘हो’ म्हणते. वॉर्डात त्याच नावाच्या आणखी एक आजी असू शकतात. म्हणून रुग्णाचे पूर्ण नाव तुम्ही स्वतः सांगा आणि सोबत शांतपणे विचारा, ‘सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?’ हा संशय नाही, तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात जानेवारी 2021 पासून खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि उपचारांची माहिती मिळणे हा त्यातला एक हक्क आहे. औषधाची ॲलर्जी असेल तर ती दर वेळी सांगा, आधी सांगितलेली असली तरी.

इन्सुलिनबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे घरच्यांचे डोळे खरोखर उपयोगी पडतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांत 1 मिलिलिटरला 40 युनिट असतात, पण 100 युनिटच्याही मिळतात. त्यांच्या सिरिंज वेगळ्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. 100 च्या बाटलीतले इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले तर रुग्णाला 20 नव्हे, 50 युनिट जातात. साखर इतकी खाली येते की रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट केले तर 20 ऐवजी फक्त 8 युनिट जातात आणि साखर उतरत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, एवढे पाहा.

सलाईनचे चाक स्वतः फिरवू नका. ‘लवकर संपवून घरी जाऊ’ म्हणून ते मोकळे सोडणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात भेटतात. त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेले असेल, तर वेगाने गेल्यास हृदय बंद पडू शकते.

गाव ते पुणे

आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीसारख्या गावातून रुग्ण बहुधा आधी घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जातो. तिथून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, आणि गरज पडली तर पुण्याला ससूनमध्ये. प्रत्येक ठिकाणी नवा कागद, नवे डॉक्टर, नव्या सिस्टर. घोडेगावला सकाळी दिलेले इंजेक्शन मंचरला दुपारी पुन्हा दिले जाऊ शकते किंवा रक्तदाबाची रोजची गोळी वाटेतच सुटू शकते. ‘एक पांढरी गोळी घेतात, नाव आठवत नाही’ या उत्तरावर कोणत्याही डॉक्टरला उपचार ठरवता येत नाहीत. त्यामुळे रोजच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ॲम्ब्युलन्स निघण्याआधी आज काय दिले आणि किती वाजता दिले, हे रेफर चिठ्ठीवर लिहून मागा. आयुर्वेदिक चूर्ण किंवा वैदूचा काढा चालू असेल तर तोही सांगा, कोणी रागावणार नाही. आणि रागावले तरी सांगा.

चूक झालीच तर

आरडाओरड करण्याआधी त्याच क्षणी ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. बाटली, ॲम्प्युल, रिकामी सिरिंज कोणाला टाकू देऊ नका, कारण उतारा ठरवायला आत नेमके काय गेले हे कळणे गरजेचे असते. काय दिले, किती वाजता दिले, पुढे काय केले, याची नोंद केस पेपरवर करायला सांगा आणि नंतर त्याची प्रत मागा. औषधाचा दुष्परिणाम झाला असेल तर राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या टोल फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.