‘सूखा रखना’ म्हणजे नेमकं काय?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अम्मीच्या पायावरची एक गाठ काढली. घोट्याच्या जरा खाली, वाटाण्याएवढी, काळपट. औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी जागा बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, गाठ कापून तपासणीला पाठवली आणि तीन टाके घातले. सगळं मिळून वीस मिनिटं. बाहेर पडून आम्ही मंडईतून भाजी घेतली आणि रिक्षाने घरी आलो. पुढे तपासणीत गाठ साधी निघाली. पण त्या वीस मिनिटांच्या कामाची जखम भरायला सात आठवडे लागले, आणि त्यात चूक माझीही होती. म्हणून हे लिहिते आहे.

निघताना एक छापील चिठ्ठी मिळाली होती. सगळी इंग्रजीत. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की जखम कोरडी ठेवा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी वाचता येतं. परीक्षांचे दिवस होते, घाईत होते. चिठ्ठीवर नजर टाकली, अम्मीला एका वाक्यात सांगितलं, “अम्मी, सूखा रखना,” आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

अम्मीने माझं वाक्य मनापासून पाळलं. प्रत्येक वुजूला ती पट्टी सोडायची, पाय धुवायची, मग ‘सूखा’ राहावा म्हणून टाक्यांवर हळद आणि वर अंगाला लावायची पावडर. पाय उघडा ठेवून पंख्याखाली बसायची आणि नंतर तीच जुनी पट्टी परत बांधायची. पाणी कोणतं, तर ड्रममध्ये साठवलेलं, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाचव्या दिवशी पाय लाल आणि गरम झाला, टाक्यांतून पू आला. अम्मीला मधुमेह आहे. टाके लवकर काढावे लागले, औषधं सुरू झाली, रोज ड्रेसिंगला नेणं सुरू झालं. मी रागावून विचारलं, पट्टी का सोडत होतीस? ती शांतपणे म्हणाली, “पट्टी के नीचे पानी नै गया तो वुजू कैसा हुआ?”

त्या रात्री मी चिठ्ठी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. कोरडी ठेवण्याची सूचना फक्त पहिल्या चोवीस तासांसाठी होती. खाली सगळं लिहिलेलं होतं. माझं भाषांतर शब्दाला बरोबर होतं, अर्थाला चूक. ‘कोरडं’ म्हणजे पहिला दिवस पट्टी भिजू न देणं. अम्मीने ऐकलं ते ‘वाळवणं’.

आपल्या बहुतेक घरांत हाच समज आहे. चामखीळ जाळली, तीळ काढला, गाठ कापली की हवा लागू द्या, खपली धरू द्या. शास्त्र उलट सांगतं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. कारण समजायला सोपं आहे. नव्या पेशी कडेकडून मध्ये सरकत येतात. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या सहज सरकतात. खपली कडक झाली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

म्हणून डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल, तर साधी रीत अशी. पहिला दिवस पट्टी हलवायची नाही, भिजवायची नाही. नंतर रोज एकदा हात साबणाने धुऊन पट्टी काढायची. चिकटली असेल तर ओढायची नाही, पाण्याने भिजवून सोडवायची. जखम साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायची. पाणी साठवलेलं असेल तर उकळून थंड केलेलं बरं. मऊ कापडाने टिपायचं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा, न चिकटणारी स्वच्छ पट्टी लावायची. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा न मिसळलेलं डेटॉल ओतायचं नाही. त्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. मेडिकलमधून मनानेच मलम आणायचं नाही. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम भरणं लांबतं. रक्त येऊ लागलं तर स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही.

टाके कधी काढायचे हेही जागेवर ठरतं. चेहऱ्यावरचे साधारण ५ ते ७ दिवसांत, पायावरचे १० ते १४. दोन-तीन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली पसरली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह असेल आणि जखम पायावर असेल, तर एक दिवसही वाट बघायची नाही.

आता हळद. हिच्याबद्दल बोललं की घरात वाद होतो, आणि वादात अभिमान असतो. तो अभिमान खोटा नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं. पुरावा म्हणून जुने लिखित संदर्भ मांडले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतलेही होते. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. उर्दूची शिक्षिका म्हणून मला याचा आनंद आहे. पण ती लढाई ‘हे ज्ञान कोणाचं’ याची होती. डब्यातली हळद, जिला भाजीचा चमचा लागतो आणि जिच्यात काय मिसळलंय ते माहीत नसतं, ती टाक्यांत भरावी असा निकाल तिथे लागलेला नाही. दुधात घ्या, जेवणात घ्या. उघड्या जखमेत नको.

आणि वुजू. अम्मीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, तो श्रद्धेचा होता, आणि त्याचं उत्तर आपल्याच फिक्हमध्ये आहे. जखमेवर पट्टी असेल आणि पाण्याने इजा होण्याची भीती असेल, तर बाकीचा अवयव धुऊन पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत आहे. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग येतो. प्रवासात एकाच्या डोक्याला दगडाने जखम झाली. त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुमची सवलत आहे का? त्यांनी नाही सांगितलं. त्याने आंघोळ केली आणि तो दगावला. हे कळल्यावर पैगंबर (स.) त्या सोबत्यांवर संतापले. ठाऊक नव्हतं तर विचारलं का नाही, अज्ञानाचा इलाज विचारणं हाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. इथे राग जखमी माणसावर नाही, अपुऱ्या माहितीवर सल्ला देणाऱ्यांवर आहे. आमच्या घरात ती सल्ला देणारी मी होते.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या दाराबाहेर रांग असते, एका पेशंटला पाच मिनिटंही मिळत नाहीत, हे मी पाहते. तरी एक मागणी रास्त आहे. ज्या शहरात पेशंट मराठी आणि उर्दू बोलतात, तिथे घरी करायच्या कामाची चिठ्ठी मराठी आणि उर्दूत हवी. तिच्यात पेशंटच्या दिवसाची उत्तरं हवीत: आंघोळ कधी, वुजू कसा, स्वयंपाक आणि धुणं करायचं का, पट्टी कोण बदलणार. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती पट्टी दवाखान्यातच एकदा बदलून दाखवावी. चिठ्ठी एकदा छापली की वर्षभर चालते. भाषांतराला माणसं हवी असतील तर आम्ही शिक्षक आहोत.

शिक्षक म्हणून आणखी एक सांगते. वर्गात “समजलं का?” विचारलं की सगळा वर्ग “हो” म्हणतो, आणि त्या ‘हो’ला काही किंमत नसते. समजलं की नाही हे मूल स्वतःच्या शब्दांत सांगायला लागलं की कळतं. दवाखान्यातही तसंच व्हावं. “घरी गेल्यावर काय करणार, सांगा बरं,” एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. दवाखान्यात कोणी विचारलं नाही, तर घरच्यांनी विचारावं. मी त्या दिवशी अम्मीला हे विचारलं असतं, तर हळद, पावडर, वुजू सगळं तिथल्या तिथे बाहेर आलं असतं.

अम्मीच्या पायावर आता एक काळसर, चपटा व्रण आहे. ती वुजूला बसते तेव्हा माझी नजर तिकडे जातेच. तिने मला कधी बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, पुढच्या वेळी चिठ्ठी पूरी पढ के सुना.