टेंट कुठे ठोकायचा ते गावाला विचारा

शनिवारी संध्याकाळी भंडारदऱ्याच्या पाण्याकडेच्या रस्त्याला थोडा वेळ उभं राहिलं की गाडी थांबतेच. काच खाली होते आणि आतून विचारतात, "दादा, टेंट लावायला चांगली जागा कुठे आहे? एकदम पाण्याजवळ पाहिजे." आपण हात करतो, "तिकडं". गाडी जाते. सोमवारी गुरं पाण्यावर नेली की तिथे फुटक्या बाटल्या, राख आणि प्लास्टिकच्या ताटल्या. गाईचा खूर कापला की मग आपण पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडतो.

साथींनो, यात आपलीही चूक आहे, असं आम्हाला वाटतं. विचारणाऱ्याने चांगली जागा विचारली होती. चांगली जागा कोणती हे गाव म्हणून आपण कधी बसून ठरवलंच नाही. ते ठरवलं कोणी? बाहेरच्या टेंटवाल्याने. मोबाईलवर तलावाचा फोटो टाकला, जागेला इंग्रजी नाव दिलं, आणि पैसे घेतले. जागा कोणाची, कशाची, हे फोटोत दिसत नाही.

त्यांना जी जागा चांगली वाटते ती आधी आपल्या नजरेने बघू. पाण्याला लागून, सपाट, झाडाझुडपाविना मोकळी. आपल्या डोंगरात सपाट जागा असते तरी कुठे? भाताची खाचरं, शाळेपुढचं मैदान, आणि धरणाचं पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळपेर. म्हणजे टेंटवाल्याला आवडलेली जागा बहुतेक वेळा कोणाची तरी गाळपेर असते, नाहीतर गुरांचा पाण्यावर उतरायचा रस्ता. हे धरण इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं केलं. खाली प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. वर आपल्या वाडवडिलांची खाचरं पाण्याखाली गेली. आज ज्याला लोक सुंदर सरोवर म्हणतात त्याच्या तळाशी आपले बांध आहेत. उन्हाळ्याकडे आवर्तनं सुटतात, पाणी मागे सरकतं, तेवढ्या चार महिन्यांपुरती जमिनीची एक पट्टी आपल्याला परत दिसते. तिथे हरभरा, थोडा भाजीपाला होतो. त्या पट्टीवर दहा टेंट उभे राहिले की ते वर्ष गेलं.

आता टेंटात झोपणाऱ्याच्या बाजूनेही बघू. पाण्याची कड त्याच्याही कामाची नाही. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, खाली ओलाच असतो. गाडी रुतते, मग रात्री अकराला आपल्याच पोरांना बैल नाहीतर ट्रॅक्टर घेऊन जावं लागतं. पाण्यात उतरलं तर पहिली दोन पावलं उथळ आणि तिसरं एकदम खोल, कारण खाली जुन्या बांधांची उतरंड आहे. पोहायला येणारा पोरगा गाळात पाय अडकून बुडतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढे डोंगरावरून कसे उतरतात ते घाटघर-रतनवाडीच्या माणसाला सांगायला नको. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, मऊ वाळू आहे म्हणून टेंट ठोकलेले आम्ही पाहिलेत. आपल्यातला शहाणा म्हातारा तिथे शेळीसुद्धा बांधणार नाही.

मग चांगली जागा कोणती? आपल्या बायामाणसांना विचारलं तर अर्ध्या तासात सांगतील. पाण्यापासून वर, जिथून पाणी दिसतं पण पावसाळ्यात ते तिथवर कधी पोचत नाही. ओढ्याच्या दोन्ही तोंडांपासून लांब. घाटावरून येणाऱ्या वाऱ्याला आड करणारा एखादा उंचवटा पाठीशी. वाळक्या फांद्यांचं जुनं झाड डोक्यावर नको. देवराईत नको, देवाच्या वाटेवर नको, स्मशानाजवळ नको. (होय, स्मशानाजवळही टेंट लागलेत. त्यांना माहीत नव्हतं, आणि आपण सांगितलं नाही.) गुरांची वाट सोडून. विहिरीच्या आणि झऱ्याच्या वर नको, खालच्या अंगाला, म्हणजे घाण पाण्यात उतरणार नाही. गाडी पक्क्या रस्त्यावरच राहील एवढ्या अंतरावर. आणि संडास. शंभर माणसं रात्र काढणार तर ती सकाळी जाणार कुठे, हा प्रश्न एकही जाहिरात विचारत नाही. त्याचं उत्तर आपल्या पाणवठ्याला द्यावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्या वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी डगर उतरावी लागते, हे त्यांना खरं वाटत नाही. समोर एवढं पाणी! पण ते पाणी खालच्यांचं. आपल्याला झऱ्याचं. त्याच झऱ्यावर टेंटवाल्याचा टँकर भरायला लागला तर भांडण होणारच.

आता नवी तऱ्हा येतेय, चाकांवरचं घर. कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ साली त्याचं धोरणच केलं. गाडीत पलंग, गाडीत चूल, गाडीत संडास. ऐकायला बरं वाटतं की यांची घाण यांच्या गाडीत. पण ती टाकी कुठेतरी रिकामी करावी लागते. गाडीला पाणी भरायला नळ लागतो, वीज लागते, सपाट कठीण जमीन लागते आणि वळायला रस्ता लागतो. आपल्याकडे एसटी समोरून आली तर दुधाच्या गाडीला मागे जावं लागतं. अशा गाड्या यायच्या असतील तर त्या मोठ्या गावाजवळ, पक्क्या तळावर, सांडपाण्याचा शोषखड्डा असेल तिथेच थांबाव्यात. वर वाडीपर्यंत आणू नयेत. याच्यावर आमचं दुमत नाही.

काजव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. मेअखेर ते जूनचा मोठा पाऊस लागेपर्यंत हिरडा, सादडा, बेहडा, जांभूळ, उंबर लखलखतात. नर उडत चमकतो, मादी झुडपात-गवतात बसून त्याला जबाब देते. तेवढ्यावर त्यांचं जुळतं. जोडीने अंडी घालायची ती खाली ओल्या पालापाचोळ्यात, मातीत. अळी तिथेच गोगलगायी खाऊन वाढते. म्हणजे झाडाखालची जमीन हेच काजव्याचं घर. त्याच झाडाखाली टेंट ठोकायचा, गाडीचे दिवे मोठे करायचे, मोबाईलच्या बॅटरीने झाड उजळायचं, स्पीकर लावायचा. नराला मादी दिसत नाही, मादी पायाखाली. आणि हिरड्याचं झाड म्हणजे आपला बाळहिरडा. कोंब फुटलेल्या झाडांमधून गाड्या घालू नका म्हणायला आपल्याला कोणाची परवानगी लागते?

लागत नाही. इथे कायदा नीट समजून घ्या, कारण टेंटवाल्याच्या वकिलाला तो समजतो.

पहिलं, जमिनीचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, दान, अदलाबदल, गहाण किंवा भाड्यानेसुद्धा देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्याची आधी मंजुरी असल्याशिवाय. पाच वर्षांपर्यंतचं भाडं किंवा गहाण असलं तरी जिल्हाधिकारी लागतो. त्याच्यापुढचं असेल तर सरकारचीही मान्यता लागते. आणि आपल्याकडे काय चाललंय? बाँडवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा, नाहीतर दहा वर्षांचा करार. वर सही आपल्या भावाची. तो कागद आपल्याला बांधतो असं आपल्याला वाटतं आणि घाबरून आपण गप्प बसतो. असा बेकायदा व्यवहार कोर्टात टिकायचा नाही. घाबरायचं कारण त्याला आहे. वनहक्काचा पट्टा मिळालेली जमीन असेल तर आणखी सोपं. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ४(४) म्हणतं की हा हक्क वारसाने जाईल, पण दुसऱ्याला देता येणार नाही. भाड्याचा प्रश्नच संपला.

दुसरं, जंगलाचं. त्याच कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला सांगतं की वन्यजीव, जंगल, पाणलोट, झरे यांचं रक्षण करा, सामूहिक जंगलात कोणी यायचं कसं यायचं याचे नियम करा, आणि जंगलाला बाधा आणणारं काम थांबवा. हा अधिकार आहे आणि जबाबदारीही. कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर गावासाठी तेरा सोयी करता येतात: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता, समाजमंदिर अशा. त्या यादीत रिसॉर्ट नाही. कोणी म्हणालं की गावाच्या विकासासाठी वनजमिनीवर टेंटचा तळ द्या, तर त्याला ती यादी वाचून दाखवा.

तिसरं, अभयारण्याचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं. तेव्हापासून गुरं कुठे न्यायची, लाकूडफाटा किती आणायचा यावर आपल्याला हटकलं जातं. १९७२ चा वन्यजीव कायदा अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायलाही मनाई करतो. मग टेंटापुढची शेकोटी कशी चालते, हा प्रश्न लेखी विचारायला हवा. तोंडी विचारला तर हसून घालवतात.

एक गोष्ट खरीखरी सांगतो. धरणाच्या पाण्यावर आपला कायद्याने पुरेसा ताबा नाही. पेसा लघु जलसंपदेबद्दल बोलतो, हे मोठं धरण आहे. त्यामुळे धरणावर आमचाच हक्क अशी नुसती घोषणा देऊन भागणार नाही. गाळपेरीचं मात्र तसं नाही. ज्यांची जमीन बुडाली त्यांनी गाळपेरीवर आधी दावा सांगायचा, अर्ज करायचा आणि पावती घ्यायची. बिनपावतीची गाळपेर म्हणजे टेंटवाल्याला आमंत्रण.

आता आपल्या पोरांचं. आमच्यातच याच्यावर दोन तट आहेत, लपवण्यात अर्थ नाही. एक म्हणतो टेंट हाकला. दुसरा म्हणतो, टेंट आले म्हणून माझा भाऊ या वर्षी नारायणगावच्या मजूरबाजारात उभा राहिला नाही. दोघेही आपलेच आहेत, आणि दुसऱ्याचं म्हणणं खोटं नाही. नारायणगावच्या रस्त्यावर पहाटे डबा घेऊन उभं राहायचं, कोणी टेम्पोत घालून नेईल म्हणून वाट बघायची, यापेक्षा गावात राहून पाहुण्याला नागलीची भाकरी घालणं बरं. आम्ही टेंटाच्या विरोधात नाही. पण आज हिशोब कसा आहे ते बघा. पाहुण्याने दिलेल्या पैशातले लाकडं आणणाऱ्याला किती, भांडी घासणाऱ्या बाईला किती, रात्रभर राखण करणाऱ्या पोराला किती, आणि फोनवर बुकिंग घेणाऱ्याला किती? प्रत्येक वाडीने एका शनिवारचा हिशोब कागदावर मांडावा. आमच्या वाडीने मांडला तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. पण पुढच्या आठवड्यात तीन पोरांनी स्वतःचे चार टेंट घेतले. गावच्या नियमाने, वरच्या माळावर. पाण्यापासून दूर म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरलं. सकाळी धुकं खाली पाण्यावर आणि आपण वर, हे पाहिल्यावर तेच लोक परत आले.

आपल्यातल्या काहींनी मात्र नाव आपलं आणि धंदा दुसऱ्याचा असं केलंय. सातबाऱ्यावर आदिवासी, गल्ल्यावर शहरातला शेट. त्यांची नावं या पत्रकात छापणार नाही. ते बैठकीला येतात, त्यांना माहीत आहे आम्ही कोणाबद्दल बोलतोय. या, बसा, करार घेऊन या, मोडायला संघटना सोबत राहील.

तिकडे मावळात पवनेच्या धरणाभोवती काय झालंय ते जाऊन बघण्यासारखं आहे. पाण्याच्या कडेने टेंटांची रांग. तिथे धरणात जमिनी गेलेले लोक पुनर्वसनासाठी किती वर्षं भांडतायत. आपल्याकडे अजून रांग पुरी लागलेली नाही.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा. काजवे त्यानंतर येतात, त्यामुळे वेळ आहे. पेसात ग्रामसभा वाडीचीही होते, सरपंच मोठ्या गावचा म्हणून थांबू नका. त्याआधी प्रत्येक वाडीने दोन बाया, एक म्हातारा आणि टेंटवर काम करणारा एक पोरगा असे चौघे शिवार फिरावेत. कुठे चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही ते कागदावर काढावं: झरा, गुरवाट, देवराई, स्मशान, गाळपेर, काजव्यांची झाडं. चालेल तिथे किती टेंट, रात्री कितीपर्यंत दिवे, स्पीकर नाही, दारू नाही, संडास कोण बांधणार, कचरा कोण नेणार, फी किती आणि ती ग्रामसभेच्या खात्यात कशी जमा होणार, तेही त्यातच लिहा. ठरावावर सह्या-अंगठे घ्या. एक प्रत तहसीलला, एक वनखात्याला, पोच घेऊन. तिसरी प्रत रस्त्याच्या तिठ्यावर फळ्यावर लावा, म्हणजे गाडीची काच खाली झाली की हात करायला माणूस लागणार नाही.

नकाशासाठी मोठे कागद आणि स्केच पेन संघटनेच्या ऑफिसात ठेवलेत. शेंडीच्या बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जा.