आजोबांचं नाव दुरुस्त करू नका

ओसीआय कार्डासाठी किंवा मुलांना वंशावळ करून द्यावी म्हणून गावाकडची कागदपत्रं मागवली की आपल्यापैकी बऱ्याच घरांत एकच घोळ होतो. जन्माच्या नोंदीत आजोबा गनपत, शाळेच्या दाखल्यात गणपती, मृत्यूच्या दाखल्यात गणपतराव. आडनाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. मग कुणीतरी सुचवतं, सगळं एकदा ‘दुरुस्त’ करून घ्या. माझं ठाम मत आहे की ही दुरुस्ती करू नये, निदान बीडकडच्या माणसांनी तरी नाहीच.

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी दप्तर उर्दूत. त्या लिपीत ण नाही, ळ नाही, आणि ऱ्हस्व स्वर लिहिण्याची सक्ती नाही. मराठी आईने ठेवलेलं ‘बाळा’ हे नाव कारकुनाने ‘बाला’ असंच लिहिलं, कारण दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. पुढे मराठीत नक्कल करणाऱ्याने समोर दिसलं ते उतरवलं. सालही फसली. १३५४ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४४ ते ऑक्टोबर १९४५; ५९० मिळवायचे, आणि वर्ष आजूर महिन्यापासून धरायचं. हे माहीत नसेल तर जन्मसालात एक वर्षाचा फरक सहज पडतो. गावाचं नाव मोमिनाबाद दिसलं तरी दचकू नका, ते आपलं अंबाजोगाईच.

त्यातून जुन्या जन्मनोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आणि तारीख, एवढंच. बारसं व्हायच्या आधीच वर्दी दिलेली असायची. नाव पुढे शाळेत गुरुजींनी लिहिलं, आणि अनेकांची जन्मतारीखही त्यांनीच १ जून करून टाकली.

बायकांच्या नोंदी तर आणखी अवघड. माहेरची रखमा सासरी सोनाबाई होते आणि कागदावर ‘सोनाबाई भ्र. ज्ञानोबा’ एवढीच उरते, भ्र. म्हणजे भ्रतार. पणजीच्या जन्माची आणि मृत्यूची नोंद समोरासमोर ठेवली तर नाव, बापाचं नाव, गाव, काहीच जुळत नाही. तिथे वकील उपयोगाचा नाही. तिचं माहेर सांगणारी एखादी म्हातारी आत्या हवी.

हा केवळ निजामकाळाचाच प्रश्न नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं मूल कारखान्याच्या तळावर जन्मलं तर कायद्याप्रमाणे नोंद तिथेच व्हायची. ती बीडच्या गावात सापडणार कशी?

अर्ज तपासणाऱ्याला नावं जुळलेली हवी असतात, हे मला मान्य आहे. ओसीआयला पणजोबांपर्यंतचं नातं चालतं, आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशाचीही कायद्यात तरतूद आहे. पण नातं सिद्ध करावंच लागतं. त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करावं आणि ‘उर्फ’ लिहून दोन्ही नावं द्यावीत. मूळ नोंद बदलण्याचा हट्ट कशाला? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ सुद्धा दुरुस्ती समासात करायला सांगतं, मूळ नोंदीला हात न लावता. कायद्याला जे कळलं ते आपल्याला कळायला हवं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू-मोडीत जसा लिहिला होता तसाच तो एकेक शब्द मोलाचा ठरला.

म्हणून या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. प्रत्येकाची पाळण्यातली, सासरची, हाक मारायची, अशी सगळी नावं लिहून घ्या, कोण कुठल्या गावची हेही लिहा. जुन्या कागदाचा फोटो मागच्या बाजूसकट काढा. आणि आपल्या मंडळात उर्दू किंवा मोडी वाचता येणारं कुणी असेल, तर त्यांनी संपादकांना जरूर कळवावं. न वाचलेले कागद घेऊन बसलेली घरं आपल्यात आहेत.