गोळ्या फेकून देण्याआधी

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. सासरे आणि सूनबाई एकाच स्क्रीनवर हा ब्लॉग वाचत असतील तर दोघांपैकी एकाने उठून चहा ठेवायला हरकत नाही. (ह. घ्या.) पण वाचा मात्र दोघांनीही, आपापल्या वेळी. कारण गेल्या दिवाळीपासून आमच्या गोतावळ्यात एक वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. वाक्य असं: "त्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी पोरं होत नाहीत." धुळ्याला माहेरी ऐकलं, जळगावला सासरी ऐकलं, आणि मध्ये पारोळ्याला एका लग्नाच्या पंगतीत, वरणबट्टी वाढता वाढता ऐकलं. सांगणारे सगळे शिकलेले. त्यातले एक तर रिटायर्ड हेडमास्तर.

हे वाक्य सपशेल खोटं असतं तर मी दोन ओळींत निकालात काढलं असतं. त्यात थोडं खरं आहे, म्हणून तर एवढं लिहायला बसले.

आधी झालं काय ते सांगते. आमच्या नात्यातला एक मुलगा आहे. (त्याची आणि त्याच्या बायकोची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तेव्हा कोण-कोण म्हणून फोन करू नका.) लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. मुलगा दीड वर्षापासून नैराश्यावर गोळी घेतो. घरात तिला 'झोपेची गोळी' म्हणतात, कारण खरं नाव घेतलं की लोक 'वेड्याची गोळी' म्हणतात. या चार वर्षांत सूनबाईंचं काय काय झालं ते ऐका. सोनोग्राफ्या किती झाल्या याची मोजदाद नाही. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्सरे झाला, तो किती दुखतो ते ज्यांनी काढलाय त्यांना विचारा. दुर्बीण झाली. सातपुड्यातल्या मनुदेवीला नवस झाला, एकवीरेची ओटी झाली, गुरुवार झाले. आणि मुलाचं? एकदा वीर्यतपासणी. तीही सासूबाईंच्या चोरून. रिपोर्ट 'नॉर्मल' आला आणि घरात असा काही आनंद झाला की जणू दहावीचा निकाल लागला. दोष सुनेचा, हे सिद्ध झालं ना!

मग एका नात्यातल्या काकांना मोबाइलवर कुठलासा मेसेज आला. त्यांनी मुलाला बाजूला घेतलं, "त्या गोया बंद कर रे भो," म्हणाले, आणि यानेही केल्या. एका रात्रीत. डॉक्टरांना न विचारता. तिसऱ्या दिवशी चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, झोप गायब, चिडचिड. महिनाभराने जुना अंधार परत. त्याची बायको रात्र रात्र जागी राहून त्याच्यावर लक्ष ठेवत होती. का, ते मी लिहीत नाही. समजणाऱ्यांना समजलं असेल.

आता गोळ्यांचं. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलंय, तेवढ्या भांडवलावर शोधनिबंध वाचता येतात. नैराश्यावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन वगैरे. मेंदूतल्या पेशींमध्ये सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त वेळ टिकून राहावं, असं काम त्या करतात. पण सेरोटोनिन फक्त मेंदूत नसतं, ते शरीरभर असतं. त्यामुळे इच्छा कमी होणं, वीर्यस्खलनाला फार उशीर लागणं किंवा ते न होणं, हे या गोळ्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. गंमत बघा, याच गुणासाठी याच वर्गातल्या गोळ्या शीघ्रपतनावर औषध म्हणून देतात. म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचून भलत्या पुड्या आणणारा माणूस हौसेने जे शोधतो, तेच नैराश्यवाल्याला नको असताना मिळतं.

हा झाला एक भाग. दुसरा शुक्रजंतूंचा. २०१० साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. ३५ निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरोक्सेटिन दिलं. शुक्रजंतूंची संख्या तीच राहिली, हालचाल तीच, आकार तोच. पण त्यांच्या डोक्यात गुंडाळून ठेवलेला डीएनए तपासला, तर तुटक्या डीएनएचं सरासरी प्रमाण १३.८ टक्क्यांवरून ३०.३ टक्क्यांवर गेलेलं. आधी दहातल्या एकाचा आकडा काळजी करण्याजोगा होता, नंतर निम्म्यांचा झाला. नेहमीच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. डीएनए त्यात दिसतच नाही, त्याची तपासणी वेगळी असते. तेव्हा ज्या 'नॉर्मल' रिपोर्टवर आमच्याकडे पेढे वाटायचे बाकी होते, त्याने या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नव्हतं!

याच गटातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दोन रुग्णांची हकिगत छापली होती. दोघेही अशा गोळ्यांवर, दोघांचेही शुक्रजंतू कमी आणि मंद. गोळ्या थांबवल्यावर एक-दोन महिन्यांत दोघांचेही आकडे सुधारले. आणि आपल्याकडचं हवं असेल तर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की या वर्गातली काही औषधं शुक्रजंतूंवर थेट घातली तर ते मरतात. ते गर्भनिरोधकाच्या शोधात होते. पण हे काचेच्या नळीतलं, गोळी खाणाऱ्याच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट दाट द्रावणातलं. नळीतल्या थेंबावरून घरातल्या माणसाचा निकाल लावायचा नसतो, हे मी अकरावीच्या पोरांना सांगायचे. मोठ्या माणसांनाही सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तर काकांचं वाक्य खरं ठरलं का? थांबा जरा. २०१०च्या अभ्यासात माणसं ३५, औषध एकच, मुदत पाच आठवडे, तुलनेसाठी नुसत्या साखरेच्या गोळ्या घेणारा दुसरा गट नाही. त्या पुरुषांना मुलं झाली की नाही हे त्यात कोणी पाहिलेलं नाही. डीएनए जास्त तुटलेला असला तर गर्भ राहायला अडचण येऊ शकते, इतकंच म्हणता येतं. 'पोरं होत नाहीत' असं त्यातून निघत नाही. या गोळ्या घेत असताना बाप झालेले पुरुष जगात भरपूर आहेत. त्या पंगतीतही एक बसलेला होता, मला माहीत आहे. तो मान खाली घालून बट्टी कुस्करत होता.

आणि पारड्यात दुसऱ्या बाजूला काय आहे ते तर कोणी घालतच नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांची माहिती तपासली गेली. ज्यांत पुरुषाला तीव्र नैराश्य होतं, त्या जोडप्यांना मूल होण्याची शक्यता इतरांपेक्षा ६० टक्क्यांनी कमी निघाली. असे पुरुष त्या अभ्यासात थोडेच होते, त्यामुळे मी हा आकडाही डोक्यावर घेऊन नाचणार नाही. पण मला सांगा, जो माणूस सकाळी अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, बायकोशी बोलत नाही, त्याच्या घरी पाळणा कशाने हलणार? नैराश्यातही इच्छा मरते. मग दोष गोळीचा की आजाराचा, हे काकांनी मोबाइलवर कसं ओळखलं?

आणखी एक. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे आज गोळीत बदल केला तरी त्याचा हिशेब तीन महिन्यांनी मांडायचा. आठवड्यात गोळ्या सोडून महिन्याने 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांनी निदान आपल्या केळीकडून शिकावं. लावली की दुसऱ्या दिवशी घड येतो का हो?

बाकी पुरुषांच्या बीजाची एवढी काळजी आमच्या लोकांना खरोखर असती तर मला आनंदच झाला असता. पण गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्याच काकांच्या गालात तंबाखूचा बार असतो. तंबाखूने शुक्रजंतू बिघडतात हे कितीतरी अभ्यासांत आलंय, त्यावर कोणी मेसेज पाठवत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे मला घरबसल्या सांगणारे तीन भाचे आहेत. जिममध्ये दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचं कौतुक होतं. बाहेरून ते हार्मोन मिळालं की शरीर शुक्रजंतू बनवणं पार बंदसुद्धा करू शकतं. त्याला आपण 'मर्दानी' म्हणतो. आणि जगण्यासाठी गोळी घेणारा तो नामर्द!

माझा राग फक्त नातेवाइकांवर नाही. या मुलाला गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी दीड वर्षात एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तुम्ही मुलाचा विचार करताय का? आणि सूनबाईंच्या फायलीवर फाइल चढवणाऱ्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही की नवरा कुठलं औषध घेतो? एक प्रश्न, अर्ध्या मिनिटाचा. मूल न होण्यात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो, हे दोघांनाही पाठ असणार. ओपीडीत गर्दी असते, मान्य. पण हा प्रश्न विचारला असता तर मार्ग होते. गोळीची मात्रा बदलता येते. ज्यांचा हा त्रास कमी अशी दुसरी औषधं आहेत. काहींना बोलण्याच्या उपचारांवर हळूहळू गोळी कमी करता येते, काहींना नाही येत, त्यांनी ती चालू ठेवूनच पुढचे इलाज करायचे. हे सगळं डॉक्टरांनी बसून ठरवायचं. लग्नाच्या मांडवात नाही.

आणि मराठीत हे बोलायला शब्द नाहीत, लाज वाटते, असं कोणी मला सांगू नये. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक आपले असले प्रश्न त्यांना विचारायचे आणि ते छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. आमच्याकडे अजून सासूच्या चोरून वीर्यतपासणी.

आमच्या भागातली आणखी एक तऱ्हा म्हणजे जळगावचा माणूस मानसोपचाराला धुळ्याला जातो आणि धुळ्याचा नाशिकला. कोणी बघू नये म्हणून. त्यामुळे गोळी लिहिणारा डॉक्टर एका गावात, बायकोची डॉक्टर दुसऱ्या गावात, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. गावातच दाखवा, दोघांनी मिळून जा, दोघांच्या फायली एकाच पिशवीत न्या.

असो. त्या मुलाने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, या वेळी दुसऱ्या औषधाच्या, आणि या वेळी डॉक्टरांसमोर बायकोही बसली होती. डीएनएच्या तपासणीचंही त्यांनी विचारलंय. पुढचं त्यांचं ते बघतील, मला विचारू नका.

काका हा ब्लॉग वाचतात. काका, तुमच्यावर राग धरून नाही, पण पुढच्या वेळी कोणाला बाजूला घ्याल तर "डॉक्टरांना विचारलंस का?" एवढंच विचारा.

ता. क. : घरात कोणी गोळ्या एकदम सोडल्या असतील आणि जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्यांना एकटं सोडू नका, सरळ दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.