ईदचा माल ईदच्या आठवड्यात भरत नाहीत

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ईदला जे विकायचे, त्याची ऑर्डर सुरत-भिवंडीला दोन-तीन महिने आधी जाते. भांडवल आधी अडकते, गाठी आधी येऊन पडतात, गिऱ्हाईक नंतर येते. हे आपल्यापैकी प्रत्येक दुकानदार जाणतो. पण हाच दुकानदार मुलाच्या तालमीच्या बाबतीत मात्र ईदच्या आठवड्यात बाजारात निघतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलगा म्हणतो, "अब्बा, मला एमबीए करायचे आहे," आणि मग घरात हिसाब सुरू होतो. तोपर्यंत अर्धा सौदा हातातून गेलेला असतो.

हे मी घरातल्या अनुभवावरून लिहितो आहे. माझ्या मेहुण्यांचे भोसरीत छोटे वर्कशॉप आहे. भाचा हुशार आहे. आयआयएमच्या प्रवेशासाठी लागणारी कॅट परीक्षा द्यायचे त्याने ऑगस्टमध्ये ठरवले. फॉर्म साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरता येतो. मेहुणे मोमीन बिरादरीचे, मूळ मालेगावचे; म्हणजे ओबीसी सवलतीला पात्र. पण भाच्याच्या दादांच्या उर्दू शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेले. चुलत दादांचा 'मोमीन' नोंद असलेला दाखला मिळेपर्यंत मुदत संपली होती. पोराने खुल्या वर्गातून परीक्षा दिली आणि थोडक्यात राहिला. यात कोणत्याही कचेरीचा दोष नाही. दाखला शोधायला घरात दहा वर्षे वेळ होता, आम्ही शोधायला निघालो शेवटच्या महिन्यात.

म्हणून पहिली गोष्ट कागदांची. महाराष्ट्रात ओबीसी जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधली आपली बहुतेक घराणी कारखान्यांच्या मागे इथे आली. जुने कागद मालेगावला, सोलापूरला, मराठवाड्यातल्या गावी पडलेले आहेत. ते आणायला एखादी सुट्टी काढावीच लागते. शिवाय नॉन-क्रिमीलेअरचा राज्याच्या कामाचा नमुना वेगळा आणि केंद्राच्या संस्थांचा वेगळा. आयआयएमला केंद्राचा लागतो, तोही ताजा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही तेही पाहावे लागते. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे. व्यापाऱ्याचे उत्पन्न विवरणपत्रावरून ठरते. ज्याचा सारा हिसाब गल्ल्यात आणि डोक्यात आहे, त्याच्यापाशी दाखवायला काय असणार?

दुसरी गोष्ट मार्कांची. पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते की एका परीक्षेत पोराने बाजी मारली म्हणजे झाले. तसे नाही. कॅटमध्ये इंग्रजी वाचन, तर्क व आकडेवारी आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. पण पुढच्या निवडीत अनेक संस्था दहावी आणि बारावीचेही मार्क धरतात. बेंगळुरूची आयआयएम त्यात पदवीचे मार्क आणि कामाचा अनुभवही मोजते. म्हणजे दहावीच्या वर्षी आपण पोराला लग्नसराईत गल्ल्यावर बसवले, तर त्याची किंमत सहा-सात वर्षांनी मोजावी लागते. दहावीचा निकाल पुन्हा लिहून मिळत नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. मराठी बाजाराने शिकवली, इंग्रजी बिलांनी. आपल्या मुलांचे गणित कच्चे नसते, उधारी-वसुलीत वाढलेली पोरे ती. अडते ते इंग्रजी उताऱ्यापाशी. ते काही क्लासच्या चार महिन्यांत येत नाही. आठवीपासून रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र, इतकेच करा. खर्च चहाच्या एका कपाहून जास्त नाही. उर्दू सोडायची मुळीच गरज नाही. ज्याला एका भाषेत नीट वाचता येते, त्याला दुसरी लवकर येते.

चौथी गोष्ट अनुभवाची, आणि इथे आपण खरे तर पुढे आहोत. चाकणला महिंद्रा, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. त्यांच्या मागे शेकडो लहान वर्कशॉप चालतात, आणि कामगारांच्या गणवेशाचे कापड माझ्यासारखे व्यापारी पुरवतात. ज्या मुलाने ९० दिवसांच्या उधारीत धंदा चालताना पाहिला, त्याला मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण दुकानात बसणे कागदावर नसेल तर तो अनुभव धरायचा कसा? मुलाला पगार द्या, बँकेतून द्या, त्याचे विवरणपत्र भरा. धंद्यालाही त्यात शिस्त येते.

कोणी म्हणेल, धंदा शिकायला कॉलेज कशाला? आमच्या वालिदांनी कुठे एमबीए केले होते? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक मुलाने हा रस्ता धरावा असे मी म्हणत नाही. जुन्या आयआयएमची फी आज २० लाखांच्या वर आहे. त्या रकमेत एक चांगले मशीन येते, आणि कुणाच्या घराला तेच बरकतीचे ठरेल. पण ज्यांच्या कारखान्याने आकुर्डीचे नाव देशभर नेले, त्या राहुल बजाज यांनी घरचा कारोबार असतानाही १९६४ साली हार्वर्डमधून एमबीए केले आणि १९६८ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतली. घरी गादी असणे आणि गादीवर बसायची तयारी असणे या दोन गोष्टी आहेत.

रस्ते एकापेक्षा जास्त आहेत. आयआयएम आता नागपूरला २०१५ पासून आहे, आणि मुंबईची नीटी २०२३ मध्ये आयआयएम झाली. इंदूरला २०११ पासून बारावीनंतरच पाच वर्षांचा अभ्यासक्रम मिळतो. मुंबईचे जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट राज्याच्या सीईटीवर प्रवेश देते. कॅटचा निकाल एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो; परदेशी संस्थांसाठीचा जीमॅटचा निकाल पाच वर्षे चालतो. ही माहिती दहावीच्या सुट्टीत घ्यायची आहे, पदवीच्या निकालानंतर नव्हे.

पैशाचेही तसेच. व्याजाचे कर्ज ज्यांना नको, त्यांनी मुलगा आठवीत गेला की एक भिशी त्याच्या नावाने धरावी. मुलगी असेल तर तिच्या नावाने. दहेजसाठी आपण भिशी धरतोच, तालमीसाठी धरायला काय हरकत आहे? काही आयआयएम गरजू घरच्या मुलांना फीत मदतही देतात, पण तिथेही उत्पन्नाचे कागद लागतात.

शेवटी एक अवघड गोष्ट. कॅट बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, म्हणजे दिवाळीच्या विक्रीला लागूनच. त्या एका वर्षी पोराला दुकानातून सुट्टी द्यावी लागेल आणि काऊंटरवर माणूस ठेवावा लागेल. भाचा यंदा पुन्हा बसतो आहे. दाखला जूनमध्येच हातात आला. मेहुणे परवा म्हणाले, "दिवाळीत वर्कशॉप मी एकटा सांभाळीन." हे वाक्य त्यांनी पाच वर्षांपूर्वी, पोराच्या दहावीच्या साली म्हणायला हवे होते. ज्यांची मुले आज आठवीत आहेत, त्यांच्या हातात मात्र अजून वेळ आहे.