वेदनेचा बाजार आणि समाजाचा पहारा

वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन हा विषय डॉक्टरांचा, पोलिसांचा आणि फार तर व्यसनमुक्तीचे व्रत घेतलेल्या सज्जनांचा. राजकीय कार्यकर्त्याने त्यात पडण्याचे कारण नाही, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती सोयीची असली तरी खरी नाही. हे व्यसन दारूप्रमाणे गुत्त्यावरून घरात येत नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, परवानाधारक कारखान्यातून आणि राजरोस चालणाऱ्या दुकानातून येते. जे व्यसन नफ्याच्या हिशेबाने पेरले जाते, त्याचा बंदोबस्त केवळ उपदेशाने कसा व्हावा?

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. 1980 साली तेथील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अफूजन्य औषधे दिलेल्या सुमारे 12 हजार रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन जडले, एवढेच त्यात म्हटले होते. रुग्णालयातील देखरेखीखालच्या रुग्णांविषयीचे हे निरीक्षण पुढे महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांनाही धोका नाही, याचा पुरावा म्हणून मिरविण्यात आले. 1996 मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आणले आणि व्यसनाचा धोका नगण्य असल्याचे डॉक्टरांच्या गळी उतरविले. 2007 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये कंपनीला न्यायालयात गुन्हे कबूल करावे लागले. पण तोवर गावेच्या गावे पोखरली गेली होती.

ही गावे कोणती होती, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे वर्गीय स्वरूप ध्यानात येते. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसाखाणींचे राज्य. तेथील कर्मिट या सुमारे 400 वस्तीच्या गावातील एकाच औषध दुकानाला दोन वर्षांत जवळजवळ 90 लाख वेदनाशामक गोळ्या पुरविण्यात आल्याचे एरिक आयर या स्थानिक वृत्तपत्राच्या बातमीदाराने 2016 मध्ये उघडकीस आणले. घाऊक पुरवठादारांना हा आकडा दिसत नव्हता असे कोण म्हणेल? खाणीत पाठ मोडलेल्या कामगाराला विश्रांती, भरपाई आणि झेपेल असे दुसरे काम हवे होते. त्याच्या हाती गोळी ठेवण्यात आली, कारण व्यवस्थेला ती सर्वांत स्वस्त पडत होती.

याच अमेरिकेत सामान्य नागरिकांनी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. नॉर्थ कॅरोलिनातील विल्क्स परगण्यात मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेतील धर्मोपदेशक फ्रेड ब्रेसन यांच्या लक्षात आले, की रुग्णांसाठी दिलेली औषधे घरातील इतर माणसे पळवीत आहेत. त्यांच्या पुढाकाराने ‘प्रोजेक्ट लाझारस’ हे काम उभे राहिले. डॉक्टरांचे प्रशिक्षण, रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत चिठ्ठी देण्याचे नियम, घरात उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय आणि अतिमात्रेवर उतारा ठरणारे नॅलॉक्सोन थेट कुटुंबाच्या हाती देणे, अशी त्याची चौफेर रचना होती. त्या परगण्यात औषधाच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण 2009 मध्ये दर लाखामागे 46.6 होते, 2010 मध्ये ते 29 वर आले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता शेजारी मानल्याने हे साधले.

याउलट, जेथे केवळ चिठ्ठ्या आवळण्यात आल्या आणि उपचारांची सोय झाली नाही, तेथे गोळ्यांना चटावलेली माणसे हेरॉइनकडे आणि पुढे फेंटॅनिलकडे वळली. बंदीचा हुकूम काढून कर्तव्य पार पडले असे मानणाऱ्या प्रत्येक सरकारने हा धडा गिरविला पाहिजे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे म्हणून मात्र आपल्याला हात झटकता येणार नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तानुसार, टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे सवय लावणारे स्नायुशिथिलक यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीकडून घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्ट या देशांत जात होत्या. या मिश्रणाला जगात कोठेही मान्यता नाही. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाचे व निर्यातीचे परवाने मागे घेतले आणि कारखान्यावर छापा पडला. हे योग्यच झाले. पण परदेशी बातमीदार छुपा कॅमेरा घेऊन येईपर्यंत आपली यंत्रणा काय करीत होती, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्याच वृत्तात घानातील तमाले शहराची हकिगत आहे. तेथील एक प्रमुख अल्हासन माहाम यांनी सुमारे 100 नागरिकांचे स्वयंसेवक दल उभारले. हे लोक विक्रेत्यांच्या अड्ड्यांवर जाऊन गोळ्या जप्त करतात. असे दल कायदा हाती घेण्याच्या वाटेने घसरू शकते, आणि त्याची पहिली झळ बड्या व्यापाऱ्याला न लागता फाटक्या विक्रेत्याला लागते, हा धोका खराच. पण मुंबईत कमावलेल्या नफ्याची किंमत तमालेच्या गरीब वस्तीने रात्रीची गस्त घालून मोजावी, यातील अन्याय आपल्या विवेकाला टोचला पाहिजे. आंतरराष्ट्रीय बंधुभाव हा आपल्या व्यासपीठांवरील शब्द असेल, तर त्याची कसोटी येथे आहे.

वेदनाशामकांविरुद्ध सरसकट मोहीम उघडणे हा मात्र या प्रश्नावरील उपाय नव्हे. ज्या देशात गाझीपूर येथे सरकारी अफू कारखाना आहे, त्याच देशात कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनअभावी तळमळत मरतात. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. केरळने मात्र त्याआधीच मार्ग दाखविला होता. कोझिकोड येथे 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमन कार्यातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि 2008 मध्ये राज्य सरकारने त्याला धोरणाचा आधार दिला. स्वयंसेवक घरी जातात, रुग्णाची विचारपूस करतात, औषधाकडे लक्ष ठेवतात. मॉर्फिन तेच, पण ते बाजाराच्या हाती नसून समाजाच्या नजरेखाली असल्याने त्याचे वरदान होते.

मग आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? ट्रामाडॉलसारखी औषधे विकताना डॉक्टराचे, रुग्णाचे नाव आणि मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर 2014 पासून बंधनकारक आहे. 2018 पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. या नोंदवह्या तपासल्या जातात काय, याचा जाब अन्न व औषध प्रशासनाला प्रत्येक तालुक्यात विचारावा. औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरण्याची मागणी लावून धरावी. जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार आणि मॉर्फिन, दोन्ही मिळतात काय, हे पाहावे. अंगदुखीच्या गोळीवर दिवस ढकलणाऱ्या ऊसतोड आणि हमाल बंधु-भगिनींत बसून बोलावे. त्यांच्या बहुतेक गोळ्या अफूच्या जातीच्या नसतात. तरी त्या मूत्रपिंडावर घाला घालतात, आणि गोळी घेतल्याखेरीज न झेपणारे काम हाच मुळात आपल्या लढ्याचा विषय आहे. ओझ्याची मर्यादा, कामाचे तास, दुखापतीची भरपाई या मागण्या व्यसनप्रतिबंधाच्याही मागण्या आहेत.

व्यसनी माणसाच्या घरी जाताना मात्र हातात काठी नसावी आणि ओठांवर प्रवचन नसावे. वेदना दूर व्हावी हा माणसाचा हक्क आहे. त्या हक्काचा व्यापार मांडणाऱ्यांना वेसण घालणे आणि त्या व्यापाराला बळी पडलेल्यांना सावरणे, ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. ती एकत्र पेलणारी संघटना वस्तीवस्तीत उभी करणे, हे आपले काम आहे.